दुसरा रकाना

जुने साहेब रोज सकाळी साडेनऊला दारातून डोकं आत घालायचे आणि म्हणायचे, "मोजा!" म्हणजे कामाला लागा. खोलीत मोजणारे दोघंच. एकाचं टेबल खिडकीच्या डाव्या अंगाला, दुसऱ्याचं उजव्या. समुद्राचं पाणी तपासणाऱ्या या केंद्राच्या बोटीवरच्या नावाड्याने एकदा हे ऐकलं आणि दोघांना नावं ठेवून मोकळा झाला, डावा मोजा आणि उजवा मोजा. साहेब निवृत्त झाले, त्यांच्यामागून आणखी तिघं येऊन गेले, पण नावं काही सुटली नाहीत. पुढे पुढे बोलणाऱ्यांना 'मोजा' म्हणायचाही कंटाळा आला आणि नुसते डावा आणि उजवा उरले.

काम म्हटलं तर सोपं, म्हटलं तर माणसाला वेड लावणारं. दर सोमवारी बोट पाच ठिकाणी जायची, पाच बाटल्या समुद्राचं पाणी आणायची. पाण्यात लगेच आयोडीनचे थेंब टाकायचे. त्याने पाण्याचा रंग फिक्या चहासारखा होतो आणि त्यात तरंगणारे जीव आहेत तसेच राहतात. या जिवांना पुस्तकात प्लवक म्हणतात. काही काचेच्या डबीसारखे, काही मण्यांच्या माळेसारखे, काही नुसते ठिपके. डोळ्याला दिसत नाहीत, पण समुद्रात जे जे म्हणून पोहतं ते शेवटी यांच्या जिवावर जगतं. पाणी नासलं की आधी यांची संख्या हलते, माशांना कळायच्या कितीतरी आधी. म्हणून मोजायचे.

मंगळवार ते शनिवार रोज एक बाटली. पाण्याचा थेंब हजार बारीक चौकटी आखलेल्या काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि एकेका चौकटीतले जीव मोजत जायचं. हातात दाबायचं छोटं यंत्र, एक जीव दिसला की एकदा दाबायचं. त्याला ते दोघं टिकटिकी म्हणत. चौकटीच्या रेघेवर जे पडलेत त्यांचा वेगळा नियम होता. वरच्या आणि डाव्या रेघेवरचे धरायचे, खालच्या आणि उजव्या रेघेवरचे सोडायचे, म्हणजे एकच जीव शेजारच्या चौकटीत पुन्हा मोजला जात नाही.

आणि या केंद्राची खासियत म्हणजे एकच बाटली दोघांनी मोजायची. पाठीला पाठ लावून बसायचं, एकमेकांना आकडा सांगायचा नाही. संपलं की वहीत पहिल्या रकान्यात डाव्याचा आकडा, दुसऱ्या रकान्यात उजव्याचा, आणि प्रत्येकाची सही. शंभरात दहापेक्षा जास्त फरक पडला तर दोघांनीही पुन्हा मोजायचं. बावीस वर्षांत ही वेळ फार तर पाच-सहा वेळा आली.

मोजताना बोलायचं नाही हा नियम, त्यामुळे चहाच्या वेळेला दोघांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. गुडघे, साहेब, बिस्किटांचा पुडा कोणी संपवला, नावाड्याच्या थापा. डाव्याचं लग्न राहून गेलेलं. घरी गेलं की भिंती आणि रविवारी फोनवर विचारणारी धाकटी बहीण, "दादा, जेवलास का रे?" तेव्हा त्याचं आठवड्याभराचं बोलणं म्हणजे चहाच्या वेळचे रोजचे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन तुकडे. उजव्याला हे माहीत होतं की नाही कोण जाणे. बिस्किटं मात्र तो मुद्दाम सावकाश खायचा.

मग उजवा निवृत्त झाला. छोटंसं भाषण, मोठासा हार, घड्याळ. जाताना म्हणाला, "ये रे घरी." डावा म्हणाला, "येतो की."

उजव्याच्या जागी कोणी आलं नाही. कागद वर गेला होता आणि वर गेलेले कागद जिथे जातात तिथे तो गेला. डाव्याने पहिल्या महिन्यात इमानदारीने आपला रकाना भरला आणि दुसरा कोरा ठेवला. मुख्य कचेरीतून वही परत आली. लाल शाईत शेरा होता, 'दुसरा रकाना रिकामा. पूर्ण करून पाठवावे.' माणूस निवृत्त करणारा विभाग वेगळा आणि वह्या तपासणारा वेगळा, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं असावं असं काही दिसत नव्हतं.

आता डाव्याने काय करायला हवं होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याने काय केलं ते सांगतो. सकाळी त्याने नेहमीसारखी बाटली मोजली. चहा प्यायला. मग उठून खिडकीच्या उजव्या अंगाला गेला, उजव्याच्या खुर्चीत बसला, उजव्याच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तीच बाटली उजव्यासारखी मोजली.

उजव्यासारखी म्हणजे कशी? तर उजवा सढळ हाताचा, असं डाव्याचं ठाम मत होतं. उजव्याचा आकडा बहुतेक वेळा आपल्यापेक्षा शंभरात चार-पाच जास्त यायचा, आणि त्याचं कारण डाव्याने नोकरीच्या पहिल्याच वर्षी शोधून काढलं होतं. चहा पिता पिता उजवा एकदा म्हणाला होता, "बिचारे रेघेवरचे! त्यांना कोण विचारणार?" तेव्हाच डाव्याने ओळखलं, हा गडी चारही रेघांवरचे धरतो. नियमाला सोडून होतं, पण दहाच्या आत बसत होतं, मग कशाला उगाच काढा. मित्राची एक खोड म्हणून त्याने कानाडोळा केला. आता त्या खुर्चीत बसून तो चारही रेघांवरचे धरू लागला. आकडा बरोबर चार-पाच जास्त यायचा. मग तो उजव्यासारखा आडवा सात काढून दुसरा रकाना भरायचा आणि खाली उजव्याची सही करायचा, गाठ मारल्यासारखी.

हे पाप आहे हे त्याला कळत होतं. पण पंधरा दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की चहा संपायची आपण वाट बघतोय. त्या खुर्चीत बसलं की बरं वाटायचं. "झालं का रे?" असं तो स्वतःच म्हणायचा आणि आपल्या रिकाम्या टेबलाकडे पाठ करून उजव्याच्या आवाजात उत्तर द्यायचा, "थांब, घाई कसली." मग गुडघे निघायचे, साहेब निघायचे. दोन वाजेपर्यंत दोघांच्या गप्पा होऊन जायच्या. एकट्याच्याच, पण व्हायच्या.

उजव्याच्या घरी जायचं मात्र राहूनच गेलं. आधी लाज वाटली म्हणून. नंतर खरं सांगायचं तर गरज वाटेना. त्याचा उजवा रोज खोलीत येत होता आणि निम्मी बिस्किटंही मागत नव्हता.

असे चौदा महिने गेले. दरम्यान समुद्रात खरोखरच काहीतरी बिघडलं. तिसऱ्या ठिकाणच्या बाटलीत काचेच्या डब्यांसारखे मोठे प्लवक कमी व्हायला लागले आणि बारीक गोल ठिपके वाढायला लागले. त्या ठिकाणाजवळ कापड रंगवणाऱ्या कारखान्याचा सांडपाण्याचा नळ समुद्रात सुटत होता. कोळ्यांनी तक्रार केली, चौकशी बसली, सुनावणीची तारीख पडली. कारखान्याच्या वकिलांनी पाण्याच्या सगळ्या रासायनिक तपासण्या खोडून काढल्या. उरली एकच गोष्ट. डाव्याची वही.

चौकशीच्या बाई सोमवारी आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला, बोलणं मोजकं. त्यांनी वही पानोपानी पाहिली.

"दोन माणसं, दोन स्वतंत्र मोजण्या," त्या म्हणाल्या. "आख्ख्या किनाऱ्यावर असं करणारं तुमचं एकच केंद्र. हे टिकलं तर नळ महिन्याभरात बंद होईल. तुमचे जोडीदार कुठे आहेत?"

"आज रजेवर आहेत," डावा म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत साहेबांशीही आपण असं खोटं कधी बोललो नव्हतो.

"मग गुरुवारी येते. तुम्ही दोघं माझ्यासमोर एक बाटली मोजा, वहीवर सह्या करा, मी वही घेऊन जाते."

त्या गेल्या आणि डाव्याचा जीव टांगणीला लागला. खरं सांगावं तर वही बाद, आणि वही बाद तर नळ चालूच. न सांगावं तर गुरुवारी दुसऱ्या खुर्चीत बसवायला माणूस आणायचा कुठून? माणूस एकच होता.

बुधवारी दुपारी वही पिशवीत घालून तो निघाला. उजव्याचं घर त्याला माहीतच नव्हतं. पाठीला पाठ लावून बसणाऱ्यांना पत्ते लागत नाहीत. नावाड्याने इमारत सांगितली. तिसरा मजला, जिन्यात सायकली, दारावर घंटेचं बटण सैल झालेलं.

वहिनींनी दार उघडलं. क्षणभर ओळख पटली नाही, मग म्हणाल्या, "अगंबाई, भाऊजी! या ना. अहो, बघा कोण आलंय!" आवाजात आनंद होता आणि त्याच्या तळाशी जरासा राग.

उजवा गच्चीवजा गॅलरीत बसला होता. तिथून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. तो वाळला होता. दाढी वाढवली होती, आणि ती पांढरी आहे हे डाव्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या खोलीतल्या उजव्याला दाढी नव्हती.

"बस," उजवा म्हणाला. "लवकर आलास."

डाव्याने सगळं सांगितलं. चहा येऊन निवला तरी तो सांगत होता. बाटल्या, शेरा, सही, बाई, गुरुवार. रोजच्या गप्पांचंही सांगून टाकलं, कारण एकदा बांध फुटला की कुठे थांबायचं ते कळत नाही. उजवा आधी हसला. चक्क मांडीवर थाप मारून हसला.

"म्हणजे मी अजून नोकरीत आहे म्हण की! आण बघू, कसं काम केलंय मी ते तरी बघतो."

त्याने वही मांडीवर घेतली, चष्मा चढवला. पानं उलटू लागला. दहा-बारा पानांनंतर हसू मावळलं.

"हे आकडे काढलेस कसे?"

"तू काढायचास तसेच. चारही रेघांवरचे धरून."

"मी?" उजव्याने मान वर केली. "मी कधी चारही रेघांवरचे धरले?"

"अरे, तूच म्हणाला होतास. बिचारे रेघेवरचे, त्यांना कोण विचारणार."

"गमतीत म्हणालो होतो रे! पहिल्या महिन्यात. चहा पिताना." उजवा त्याच्याकडे बघत राहिला. "मी नियमानेच मोजायचो. वरचे आणि डावे. बावीस वर्षं."

"मग तुझा आकडा जास्त का यायचा?"

उजव्याने चहाचा कप बशीत नीट ठेवला.

"कारण तू सोडायचास. अगदी बारीक असतात ना, चौकटीच्या कोपऱ्याला चिकटलेले, ते. शेवटच्या ओळींत तर फारच. तुझी टिकटिकी भरभर वाजायला लागली की मी ओळखायचो, चहाची वेळ झाली. मला वाटलं तुला माहीत असेल."

बावीस वर्षं त्याने मोठ्या मनाने ज्याची चूक पोटात घातली होती, त्या माणसाची चूक नव्हतीच. ती त्याची स्वतःची होती, आणि तिकडून ती कोणीतरी पोटात घातली होती. आणि चौदा महिने तो ज्या खुर्चीत बसून ज्याच्यासारखं मोजत होता तसा माणूस त्या खुर्चीत कधी बसलाच नव्हता. त्याला इतकी लाज वाटली की वही परत घ्यायला हात पुढे होईना.

"तू म्हणतोस रोज माझ्याशी बोलायचास," उजवा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मग मी काय काय म्हणालो रे?"

डाव्याने आठवून पाहिलं. गुडघे. साहेब. थांब, घाई कसली. याच्या पुढे काही सापडेना.

"गेल्या पावसाळ्यात माझं ऑपरेशन झालं," उजवा म्हणाला. "दोन महिने पडून होतो. दाराची घंटा वाजली की हिला म्हणायचो, बघ, डावा असेल. मग म्हणायचं सोडून दिलं."

वहिनी आतून येता येता दारातच थबकल्या.

"उद्या येशील?" डाव्याने विचारलं. विचारू नये हे कळत असून विचारलं. "एकच बाटली. बाईंसमोर."

"नाही," उजवा म्हणाला. "येऊन काय सांगू? की ही माझी सही आहे?" त्याने वही मिटून परत दिली. "जाऊन खरं सांग. आणि शेवटच्या ओळींत घाई करू नकोस."

दारापर्यंत वहिनी आल्या. उजवा बसूनच होता. या वेळी तो 'ये रे घरी' म्हणाला नाही, आणि डाव्याला 'येतो की' म्हणायची संधी मिळाली नाही.

गुरुवारी अकराला बाई आल्या. दोन्ही सूक्ष्मदर्शकांवरची आच्छादनं काढलेली होती, पण बाटली एकाच टेबलावर होती. डाव्याने त्यांना बसूही दिलं नाही.

"मॅडम, दुसरं कोणी येणार नाही. चौदा महिने कोणी नाहीच. दुसरा रकाना मीच भरलाय."

बाई सावकाश बसल्या. त्यांना धक्का बसल्यासारखं वाटलं नाही. "मला वाटलंच, कुठेतरी पाणी मुरतंय," त्या म्हणाल्या. "जुन्या वह्यांत दुसऱ्याचा आकडा बहुतेक वेळा जास्त, पण मधूनमधून कमीही येतो. दोन खरी माणसं मोजतात तेव्हा तसंच होतं. या चौदा महिन्यांत एकदाही कमी आलेला नाही. नुसतेच बसवले आकडे?"

"नाही नाही. मोजले. रोज सगळ्या चौकटी." आणि त्याने चारही रेघांची हकिकत सांगितली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे रोज दोन-तीन तास खपून तुम्ही चूक तयार केलीत. अहो, माणूस एकटा असेल तर काय करायचं ते नियमात लिहिलंय. दोनदा मोजायचं आणि दुसऱ्या रकान्यावर 'स्वतः' असं लिहायचं. एवढंच. थोडा कमी दर्जाचा पुरावा, पण चालतो. नळ बंद व्हायला तेवढाही पुरला असता. हा नियम माहीत नव्हता तुम्हाला?"

"माहीत होता," डावा म्हणाला. "बाहेरून शिकायला येणाऱ्यांना मीच शिकवायचो."

"मग त्यांची सही का केलीत?"

डावा खिडकीपाशी उभा होता. खाली धक्क्यावर नावाडी बोट धूत होता आणि कोणाला तरी थापा मारत होता. ऐकणारा हसत होता.

"'स्वतः' लिहिलं असतं," तो म्हणाला, "तर मग खोलीत मी एकटाच आहे असं झालं असतं."

बाईंनी वही मिटली आणि त्या कामाचं बोलल्या. दुसरा रकाना बाद. त्याच हाताने पहिलाही लिहिलेला, म्हणून सुनावणीपुरता तोही बाद. आयोडीन घालून जपून ठेवलेल्या तीनशे बाटल्या दुसऱ्या केंद्रात जातील, तिथे नव्याने मोजल्या जातील. आठ-नऊ महिने लागतील. तोवर सुनावणी पुढे.

"आणि नळ?"

"नळ चालू राहील."

त्या आठ-नऊ महिन्यांत तिसऱ्या ठिकाणी काय काय मरेल हे त्या खोलीत डाव्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्याला रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

बाईंनी बॅगेतून एक कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. केंद्राची माहिती पुन्हा भरून द्यायची होती, उद्यापासूनच्या कामासाठी. सूक्ष्मदर्शक किती, बाटल्या किती, बोटी किती. डाव्याने एकेक भरत आणलं. सर्वात खाली छापलं होतं, 'मोजणाऱ्यांची संख्या'. तिथे त्याचं पेन थांबलं. मग त्याने १ लिहिला. आडवा नाही, तिरका नाही, आपल्याच अक्षरातला.

"हा आकडा तरी कोणाकडून तपासून घ्यायला नको," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. "नियम आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, आधी डाव्याकडे पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली, पलीकडच्या खुर्चीवर ती जरा थांबली. मग त्यांनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला आणि त्या एकाच्या शेजारी लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे.'